बारा हजार मोहरा

स्वयंपाकघरातला दिवा मी बदलणार होतो. हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं, कारण आमच्या घरात ते वाक्य गेल्या महिन्यात इतक्या वेळा बोललं गेलं आहे की आता ते भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल. तीन आठवडे मी तो दिवा ‘उद्या’ बदलत होतो. चौथ्या आठवड्यात कन्येनं स्टूल ओढलं, वर चढली, दिवा बदलला, स्वयंपाकघर लख्ख उजळलं आणि त्या लख्ख उजेडात ती स्टुलावरून खाली आली. उजव्या मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. दिवा मात्र उत्तम चालला आहे.

कन्या वीस वर्षांची, कॉलेजात शिकते आणि माझ्याशी साधारण दिवसाला चार वाक्यं बोलते. त्यातली दोन ‘हो’ आणि ‘माहितीये’ अशी असतात. त्यामुळे शनिवारी सकाळी ती प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून माझ्यासमोर उभी राहिली आणि “बाबा, एक काम होतं,” म्हणाली, तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तिनं एखादी किडनी मागितली असती तरी मी त्या क्षणी कोणती ते विचारलं नसतं.

तिला किडनी नको होती. तिला बारा हजार मोहरा हव्या होत्या.

प्रकरण असं होतं. ती आपल्या खोलीत टीव्हीला यंत्र जोडून एक मारामारीचा गेम खेळते. तिची सहा जणांची टोळी आहे. टोळीतल्या कोणीही कोणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. सगळे आपापल्या घरून खेळतात आणि कानाला इअरफोन लावून बोलतात. त्या गेमच्या जगात उत्तरेला एक दरवाजा आहे. तो आजवर कोणासाठीही उघडलेला नाही. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत टोळीतल्या सहाही जणांनी प्रत्येकी वीस हजार मोहरा दरवाजापाशी जमा केल्या तर तो उघडणार. एकाची जरी कमी पडली तर कोणासाठीच नाही. मोहरा उसन्या चालत नाहीत, ज्यानं त्यानं आपल्याच कमवायच्या. पाच जणांच्या भरल्या होत्या. कन्येच्या आठ हजार होत्या, आणि उरलेल्या ती आठवडाभरात सहज कमावणार होती, पण मध्ये तो दिवा आला.

“अकरा महिने खेळतोय आम्ही याच्यासाठी,” ती म्हणाली. “खेळायला दोन हात लागतात.”

ती मला दोष देत नव्हती. दिला असता तर बरं झालं असतं.

“मी कमावून देतो,” मी म्हणालो.

माझी बायको आतून भांडी विसळता विसळता म्हणाली, “अहो, तुम्ही?” या दोन शब्दांत तिनं आमच्या सव्वीस वर्षांच्या संसाराचा आढावा घेतला.

मी पाणीपुरवठा खात्यात मुख्य कारकून आहे. माझा अनुभव असा की कोणतंही काम धीर आणि नियमितपणा या दोन गोष्टींनी होतं. शिवाय हा लहान मुलांचा खेळ. यंत्र तिच्या खोलीतून आणून बाहेरच्या टीव्हीला जोडलं आणि मी कंट्रोलर हातात घेतला. त्याला चौदा बटणं आणि दोन हलत्या दांड्या असतात, आणि मला दिलेली बोटं दहाच आहेत, हे तेव्हा लक्षात आलं.

पडदा उजळला आणि मी जरा मागेच सरकलो.

एका टेकडीवर सात फूट उंच, चिलखत घातलेली बाई माझ्याकडे पाठ करून उभी होती. लाल वस्त्र वाऱ्यावर उडत होतं. तीच मी. तिच्यापुढे, म्हणजे माझ्यापुढे, एक दरी होती, दरीत नदी, नदीपलीकडे जंगल, आणि जंगलामागून सूर्य वर येत होता. हा सूर्य कोणीतरी बसून काढला होता. गवताचं एकेक पातं वेगळं हलत होतं. मी खात्यात एकतीस वर्षं काम केलं, तिथे आम्हाला साधा नळ सरळ रेषेत काढून दाखवता येत नाही.

“बाबा, चला ना,” कन्या म्हणाली.

“थांब. सूर्य पूर्ण वर येऊ दे.”

मग मी चाललो. चाललो म्हणजे एका भिंतीत वीस मिनिटं चालत राहिलो. ती सात फुटी वीरांगना भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय उचलत होती, आणि कन्या सोफ्यावर डोळे मिटून बसली होती. भिंतीतून सुटलो तो थेट विहिरीत. पण संध्याकाळपर्यंत मला चालता, वळता आणि तलवार फिरवता येऊ लागली, आणि मी मोहरा कमावण्याचा धंदा शोधून काढला: मडकी.

त्या गावात घराघरात मडकी असतात. फोडलं की कधी एक मोहर निघते, कधी तीन, कधी उंदीर. दहा मिनिटांनी मडकं पुन्हा जागच्या जागी तयार. कुणाला मारायचं नाही, कुणी आपल्याला मारायचं नाही. कन्या म्हणाली, “याच्यानं काही व्हायचं नाही, बाबा. हे नवशिके करतात.” मी म्हणालो, थेंबे थेंबे तळे साचे. पाण्याच्या खात्यातल्या माणसाशी तळ्यांबद्दल कोणी वाद घालू नये.

मी सोमवारपासून आठवड्याची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ लिहिलं. साहेबांनी विचारलं, “गंभीर?” मी म्हणालो, “मुलीचा हात.” साहेब एकदम उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “अभिनंदन! मुलगा काय करतो?” समजावून सांगेपर्यंत चहा मागवला गेला होता.

तर मडकी. विहिरीपासून सुरुवात, डावीकडची सात घरं, मग चक्की, मग उजवीकडची सहा घरं आणि परत विहीर. चाळीस मडकी, वीस मिनिटं, तीसेक मोहरा. पुन्हा विहीर. अडचण फक्त शेवटच्या झोपडीत होती. तिथे एक म्हातारी राहायची. आपण आत शिरलो की ती म्हणायची, “ये वाटसरू, दमला असशील.” आणि आपण तिच्यासमोर तिची चार मडकी फोडायची! कन्या म्हणाली, ते नुसतं चित्र आहे. असेल. पण ते चित्र माझ्याकडे बघायचं. म्हणून मी ती चुलीकडे वळेपर्यंत दाराशी थांबायचो आणि ती वळली की पटकन फोडून पसार व्हायचो. माझ्या सबंध आयुष्यात चोरी अशी मी एवढीच केली, पण दिवसाला तीस वेळा.

मंगळवारी गावाच्या वेशीवरचं रानडुक्कर माझ्या हातून मेलं. हे डुक्कर दोन दिवस माझ्या मागे लागलं होतं. मी वेशीजवळ गेलो की ते झुडपातून बाहेर यायचं, मला उडवायचं आणि परत झुडपात जायचं. मंगळवारी सकाळी मी डोळे मिटून सगळी बटणं एकदम दाबली, डोळे उघडले, तर ते आडवं!

“मेला!” मी ओरडलो. “मेला! मेला एकदाचा!” लिंगभेदाचं भान राहिलं नाही. कन्या आंघोळीला गेली होती, बायको बाजारात. मग आनंद मी एकट्यानंच, खिडकीपाशी उभं राहून साजरा केला.

पाच मिनिटांनी दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरचे बँकवाले. हे बँकेतून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण बोलताना अजून काचेपलीकडून बोलतात. चेहरा पडलेला. चपला बाहेर काढून ते हळूच आत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“कधी झालं?”

“आत्ताच,” मी म्हणालो. बातमी एवढ्या लवकर पसरली याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. “पाच मिनिटं झाली असतील.”

“आजारी होते का बरेच दिवस?”

“छे हो! चांगला धट्टाकट्टा होता. मीच मारला.”

बँकवाल्यांचा हात खांद्यावरून निघाला.

“पण काही काळजी नाही,” मी म्हणालो, “दहा मिनिटांत उठतो परत.”

ते दाराकडे दोन पावलं सरकले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी त्यांना टीव्हीसमोर बसवून सगळं सांगितलं. भीती ओसरल्यावर ते पुढे सरकून बसले. मडक्यांचा हिशेब ऐकून त्यांनी कीव केल्यासारखं बघितलं.

“अहो, मजुरी करून कोणी श्रीमंत झालंय का? त्या गावात बाजार आहे की नाही?”

बाजार होता. बँकवाल्यांनी अर्धा तास भाव बघितले, चष्मा दोनदा पुसला आणि सांगितलं, “मीठ. झाडून सगळं मीठ उचला. उद्या टंचाई होईल, दुप्पट भावानं विका.” मी झाडून सगळं मीठ उचललं. त्या रात्री गेमच्या कंपनीनं समुद्रकिनारा नावाचा नवा प्रदेश खुला केला. बुधवारी सकाळी मीठ वाळूच्या भावानं चाललं होतं. नऊशे मोहरा गेल्या, आणि सात फुटी वीरांगना मिठाच्या एकशे बारा पोत्यांच्या वजनानं पाय ओढत चालू लागली.

“दीर्घ मुदतीत वर येईल,” बँकवाले म्हणाले.

कन्या काहीच बोलली नाही. ती काहीच बोलली नाही की मला शब्द न् शब्द ऐकू येतो.

मग मी कंबर कसली. बुधवारी सकाळपासून जेवणापुरता उठलो तेवढाच. विहीर, सात घरं, चक्की, सहा घरं, म्हातारी, विहीर. आणि संध्याकाळी चक्कीपाशी पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून आलं: आपल्या हालचाली यांत्रिक स्वरूपाच्या आढळल्या आहेत. हे खातं माणूस चालवत नसून यंत्र चालवत आहे असा संशय असल्यामुळे ते स्थगित करण्यात येत आहे.

मी ते तीनदा वाचलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा माझी छाती भरून आली. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर पुष्कळ आरोप झाले, पण यंत्रासारखं काम करतो असा एकदाही झाला नव्हता. मग कन्येचा चेहरा दिसला आणि छाती रिकामी झाली.

“गेलं,” ती म्हणाली. “रविवारपर्यंत काही होत नाही आता.” आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. आपटलं असतं तरी चाललं असतं. डाव्या हातानं हळूच लावलं.

आता हे क्षेत्र माझं होतं. कार्यालयाशी पत्रव्यवहार! मी कंपनीच्या साहाय्य कक्षाकडे तक्रार केली. दोन सेकंदांत पोच आली. दोन सेकंदांत! आमच्याकडे पोच द्यायची तर आधी पोचपावतीचं पुस्तक कोणाच्या कपाटात आहे याची चौकशी बसते. मी त्या पोचेकडे कौतुकानं बघत राहिलो. पण कार्यालय शेवटी कार्यालयच. तासाभरानं विचारणा आली की खातेदाराची जन्मतारीख कळवा. कळवली. उत्तर आलं, जुळत नाही. दाराबाहेरून कन्येला विचारलं. आतून बराच वेळानं आवाज आला, “लहानपणी खातं उघडताना वय वाढवून टाकलं होतं. गेम मोठ्यांचा होता.”

“त्या हिशेबानं आता किती वय होतं तुझं?”

“एक्याण्णव.”

म्हणजे मला आता असं सिद्ध करायचं होतं, की एक्याण्णव वर्षांची बाई दिवसाला दहा तास न थकता मडकी फोडते आणि ती यंत्र नाही.

गुरुवारभर मी मसुदा केला. बायको दोनदा येऊन कागदाकडे बघून गेली. अर्ज दीड पानाचा झाला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर. वयाची खरी गोष्ट लिहिली, दिव्याची लिहिली, हाताची लिहिली. आणि मग यंत्र नसल्याचे पुरावे क्रमवार दिले. ‘सदरहू अर्जदार प्रत्येक फेरीत शेवटच्या झोपडीच्या दाराशी थांबतो, कारण म्हातारीच्या देखत तिची मडकी फोडणं त्यास प्रशस्त वाटत नाही. तसंच अर्जदार चक्कीपाशी दम खातो, वास्तविक खेळातील व्यक्तीस दम लागत नाही, तो अर्जदारास लागतो. तसंच अर्जदार गावातील विहिरीत आजवर चौदा वेळा पडला असून विहीर एकच आहे व ती जागची हललेली नाही. यंत्र त्याच विहिरीत चौदा वेळा पडेल किंवा कसे, याचा विचार व्हावा.’

शुक्रवारी संध्याकाळी उत्तर आलं. मी कन्येच्या दाराशी उभं राहून मोठ्यानं वाचलं. “आपला अर्ज आमच्या कक्षात सर्वांनी मिळून वाचला. वयाची दुरुस्ती केली आहे. खातं सुरू केलं आहे. विहिरीजवळ जपून.”

आतून हसण्याचा आवाज आला. असा की आधी दाबून धरलेला आणि मग सुटलेला. दार उघडून ती बाहेर आली, अर्ज मागून घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या सगळा वाचला.

“चौदा वेळा?”

“तू झोपली होतीस तेव्हाच्या धरून.”

हसणं झालं, पण मोहरा होत नव्हत्या. नऊ हजार कमी होत्या आणि शनिवारच्या अर्ध्या दिवसात मी मडक्यांतून जेमतेम चारशे काढल्या. कन्या शेवटी म्हणाली, “एकच रस्ता आहे. खाणीतला राक्षस. एका वेळेला दीड हजार देतो. सहा वेळा मारला की झालं.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला जमणार नाही म्हणून.”

मनुष्यानं इतकं खरं बोलू नये. मी तडक खाणीत गेलो. राक्षस घराएवढा होता, अंगावर सोन्याच्या शिरा, चालला की पडद्यावर धूळ पडायची. मी त्याच्याकडे बघतच राहिलो आणि तेवढ्यात मेलो. त्या दुपारी मी एकूण सतरा वेळा मेलो. बायको येता जाता मोजत होती. “एवढ्यांदा मरून दाखवलंत,” ती म्हणाली, “एक दिवा नाही लावता आला.”

वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, दवाखानाही घरातच. त्या संध्याकाळी तक्रार घेऊन आल्या, की राक्षसाच्या ओरडण्यानं त्यांचे पेशंट दचकतात आणि हातात ड्रिल असताना ते बरं नाही. मी माफी मागितली. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, मग सोफ्याच्या टोकाला बसलेल्या कन्येकडे.

“हिचा डावा हात चांगला आहे ना?”

“डावा काय कामाचा? दोन लागतात,” मी म्हणालो.

“दोन आहेत की. एक हिचा, एक तुमचा.” त्या अशा सुरात म्हणाल्या जसं ‘चूळ भरा’ म्हणतात. “मी आणि माझी सहायक रोज एकाच तोंडात चार हात घालून काम करतो. फक्त कोण बोलणार आणि कोण ऐकणार ते आधी ठरलेलं असावं लागतं.”

त्या गेल्यावर आम्ही दोघं त्या कंट्रोलरकडे बघत बसलो. आठवडाभर तो माझ्या दोन हातांत होता आणि तिचा चांगला हात तिच्या मांडीवर रिकामा होता.

“कोण बोलणार?” मी विचारलं.

तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. ठरलं.

रविवारी सकाळी नऊला आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. डाव्या बाजूला ती. चालणं, वळणं तिच्याकडे. उजव्या बाजूला मी. तलवार आणि उडी माझ्याकडे. तिनं इअरफोनचा एक कान स्वतःला लावला, एक मला दिला. त्यात पाच माणसं होती. सगळ्यांत मोठा, घोगरा आवाज ‘लोखंडी आजी’ नावाच्या खेळाडूचा. आजी प्रत्यक्षात ट्रकड्रायव्हर निघाले. ‘गोगलगाय’ म्हणून एक होती, ती सगळ्यांत चपळ. ती इस्पितळात नर्स.

“हे माझे बाबा,” कन्या म्हणाली. “उजवा हात आहेत.”

“नमस्कार काका,” पाच आवाज आले. माझ्या उजव्या हाताला घाम सुटला.

नियम असा की राक्षसाला सगळ्यांनी मिळून हैराण केलं तरी मोहरा शेवटचा घाव घालणाऱ्याला. ती पाच जणं त्याला नाचवत होती आणि आम्ही मागून शिरत होतो. “उडी,” कन्या म्हणायची. मी उडी मारायचो. “थांबा. थांबा. आता.” मी घाव घालायचो. उशीर झाला तर आम्ही मरायचो. पहिल्या तासात पाच वेळा मेलो आणि पाचही वेळा चूक माझी. मी वाट बघत होतो, ही आता वैतागेल. घरात मीठ पुढे करायला उशीर झाला तरी जी भुवई उंचावते, ती ही मुलगी. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघताय. सगळ्यांचं पहिल्यांदा तसंच होतं. त्याचा डावा खांदा बघा. खांदा खाली गेला की मोजा एक.”

मी खांदा बघितला. खांदा खाली गेला. एक. घाव. राक्षस गुडघ्यावर आला, सोन्याच्या शिरा फुटल्या आणि मोहरांचा पाऊस पडला. पडद्यावर अंक फिरला: दीड हजार.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि बँकवाल्यांच्या आठवणीनं मिटलं.

राक्षस परत उठायला वेळ लागायचा. त्या मध्यंतरात लोखंडी आजी मला म्हणाले, “काका, तुमची मुलगी अशीच शिकवते. मला तो जळता पूल ओलांडता येत नव्हता. माझी बोटं जाड. सगळे म्हणाले, याला सोडा. हिनं तीन आठवडे रोज तासभर माझ्याबरोबर त्या पुलावर घालवला. एकदा आवाज चढवला नाही हो.”

“काका, तीच सगळ्यांना घेऊन आली इथपर्यंत,” गोगलगाय म्हणाली. “आम्ही दोनदा सोडलं होतं.”

कन्या म्हणाली, “पुरे. खांदा बघा.” कानापर्यंत लाल झाली होती.

अकरा महिने मी रोज ऑफिसातून आल्यावर त्या बंद दाराकडे बघून म्हणत आलो होतो, की नुसता वेळ घालवते. दारामागे ही पोर पाच मोठ्या माणसांना आगीच्या पुलावरून हाताला धरून नेत होती, आणि जेवायला बाहेर येऊन मला ‘हो’ आणि ‘माहितीये’ म्हणत होती. माझ्या एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली पाच माणसं होती. त्यांना मी साधं वेळेवर यायला शिकवू शकलो नाही.

दुसरा राक्षस पडला. तिसरा पडला. जेवण आम्ही आळीपाळीनं, एकेका हातानं केलं. चौथ्या वेळेला लोखंडी आजींना ट्रकमध्ये माल चढवायला जावं लागलं आणि आम्ही नऊ वेळा मेलो. पाचवा चार वाजता पडला. सहावा पडेना. पाच वाजले. सव्वापाच. माझा अंगठा बधिर झाला होता आणि कन्येच्या कपाळावर घाम होता. बायको मागे उभी होती. कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. बँकवाले दारातून डोकावून “झालं का?” म्हणाले आणि तिनं त्यांना हातानंच खाली बसवलं.

साडेपाचला राक्षसानं गोगलगायीला आडवं केलं. मग आणखी एकाला. आम्ही एका खडकामागे होतो.

“बाबा,” कन्या हळूच म्हणाली. “आता मी सांगणार नाही. सांगून उशीर होतोय. तुम्ही खांदा बघा, मी पाय बघते.”

“आणि चुकलं तर?”

“मग चुकलं.”

ती निघाली. मला तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून जाणवत होता. ती डावीकडे झुकली की मी झुकत होतो. राक्षसाचा खांदा खाली गेला. मी एक मोजला. तो घाव मी घातला की तिनं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं एवढं खरं.

मोहरांचा पाऊस पडला तेव्हा कानात पाच माणसं एकदम ओरडली आणि मागे बँकवाले सगळ्यांहून मोठ्यानं ओरडले.

दरवाजापाशी पोचलो तेव्हा सहाला सात मिनिटं होती. दरवाजा डोंगराएवढा, काळ्या दगडाचा. सहा जणं एका ओळीत उभी राहिली, एकेकानं आपल्या मोहरा ओतल्या. शेवटची कन्या. आवाज न करता फटीतून उजेड आला, मग फट रुंद झाली, आणि आम्ही आत गेलो.

मी खजिना असेल म्हणून धरून चाललो होतो. खजिना नव्हता. पलीकडे गवताचं मैदान होतं, दिसेल तिथवर, आणि संध्याकाळ होत होती. त्या मैदानातून काहीतरी चालत होतं. आधी मला ती झाडं वाटली. मग एक झाड उचललं गेलं आणि पुढे ठेवलं गेलं, आणि कळलं की ते पाय आहेत. डोकी ढगांत होती. असे वीस-पंचवीस प्राणी, इतके संथ, की एक पाऊल पडून दुसरं उचलेपर्यंत श्वास चार वेळा घेता यावा. पाऊल पडलं की आवाज कानाला येत नव्हता, पोटात येत होता.

माझा अंगठा सवयीनं तलवारीच्या बटणावर गेला.

“बाबा, बोट काढा,” कन्या म्हणाली.

मी काढलं. कानात लोखंडी आजी नाक ओढत होते. बायको खाली जमिनीवरच बसली, आमच्या पायाशी. बँकवाल्यांनी चष्मा पुसला आणि “याचं करायचं काय?” असं हळूच विचारलं.

सगळ्यांत जवळचा प्राणी थांबला. ढगातून एक डोकं खाली यायला लागलं. एवढं मोठं आणि एवढं सावकाश, की वाटेत ढग तुटून त्याच्या मानेवरून घसरत होते. डोळा आमच्या खोलीएवढा होता. तो त्या सहा जणांसमोर येऊन थांबला आणि त्यात सहाही जणं उलटी दिसत होती.

“हा आता काय करणार?” बायकोनं कुजबुजत विचारलं.

“माहीत नाही,” कन्या म्हणाली. “इथे कोणीच आलेलं नाही अजून.”

माझ्या मुलीला एखादी गोष्ट माहीत नाही, हे मी तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. आणि काय आनंद होता तिच्या आवाजात!